कनेक्शन बदलताय? मग राउटरचं काय करायचं

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की घरचं नेट बदलताना लोक प्लॅनचे पैसे दहा ठिकाणी विचारतात आणि राउटरचं काय ते कोणालाच विचारत नाहीत. त्या ओळीवर जेवढे प्रश्न आले तेवढे आजवर कशावरच आले नव्हते, म्हणून या वेळचं पान पूर्ण त्यालाच. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि पहिल्या ताईंना जरा जास्तच लांब उत्तर दिलंय कारण निम्म्या लोकांचं गाडं तिथेच अडकलंय.

प्रश्न (डोंबिवलीहून एक ताई): आमच्याकडे सात वर्षं सोसायटीतल्या केबलवाल्याचं नेट आहे. गच्चीवरून लॅनची वायर खिडकीतून आत येते आणि थेट राउटरला लागते. आता फायबर घेतोय, २०० एमबीपीएसचा प्लॅन. २०१९ ला स्वतः साडेतीन हजारांचा राउटर घेतला होता, डब्यावर एसी १२०० लिहिलंय. नवीन कंपनीचा माणूस म्हणतो तो फेकून द्या, आमचाच लावायला लागतो. मिस्टर म्हणतात दोघंही राहू दे, वायफाय ६ वाला मस्त घेऊ. आता मी कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, फेकू नका आणि लगेच विकतही घेऊ नका. कंपनीचा माणूस अर्धं खरं बोलतोय.

राउटर राउटर म्हणतो आपण, पण त्या एका शब्दात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे बाहेरून जे काही येतंय ते घरात घेणं आणि दुसरं म्हणजे ते घरभर वायफायने वाटणं. तुमच्या आत्ताच्या नेटमध्ये पहिलं काम गच्चीवरच होतंय, तिथे केबलवाल्याचा एक स्विच, म्हणजे एका लाइनीतून अनेक घरांना वायरी वाटणारा डबा असेल, त्यातून साधी लॅनची वायर खाली येते म्हणून तुमचा बाजारातला राउटर तिला सरळ लागला. फायबरमध्ये तसं होत नाही. त्या बारीक वायरीतून वीज येत नाही, उजेड येतो, आणि त्या उजेडाचं परत विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करायला जो डबा लागतो त्याला ओएनटी म्हणतात, केबलवाले ओएनयू म्हणतात, काम एकच. तुमच्या जुन्या राउटरला फायबर लावायचं भोकच नाहीये. शिवाय प्रत्येक ओएनटीचा सिरियल नंबर कंपनीच्या एक्स्चेंजमधल्या मशीनवर नोंदवलेला असतो, नोंद नसलेला डबा लावला तर लाइन चालूच होत नाही. त्यामुळे ओएनटी त्यांचाच घ्यायला लागणार, ह्यात तो माणूस खोटं बोलत नाहीये. फक्त आजकाल बहुतेक कंपन्या जो ओएनटी देतात त्यातच वायफाय असतं, दोन कामं एकाच डब्यात, म्हणून तो म्हणतो जुना फेका. तर फेकायची काही गरज नाही, तो दुसऱ्या कामाला येतो, ते खाली सांगतो.

आधी तुमच्या एसी १२०० बद्दल. हा आकडा बघून दर दुसरा माणूस फसतो. १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, अशी बेरीज करून गोल केलेला आकडा, तोही कागदावरचा. एक मोबाइल एका वेळी एकाच बँडवर, म्हणजे ह्या दोन पट्ट्यांपैकी एकावरच असतो त्यामुळे बाराशे कोणालाच कधी मिळत नाहीत. बरं ते सोडा, खरी गोम मागच्या बाजूला आहे. त्या काळातल्या ह्या वर्गाच्या कितीतरी राउटरना मागचे पोर्ट, म्हणजे वायर लावायची भोकं, फक्त १०० एमबीपीएसचे होते. म्हणजे टाकी केवढी पण मोठी असू दे, नळ अर्ध्या इंचाचा. तुमचं मॉडेल कोणतं ते लिहिलं नाहीये तुम्ही, पण डब्यावर किंवा कंपनीच्या साइटवर पोर्टसमोर १०/१०० असं लिहिलं असेल तर त्याच्यामागे २०० चा प्लॅन लावा नाहीतर ५०० चा, स्पीड टेस्टला ९४-९५ च्या वर काटा जाणार नाही. १०/१००/१००० किंवा गिगाबिट लिहिलं असेल तर चिंता नाही.

ह्या ९४ आकड्याशी माझं जुनं वैर आहे. आमच्याकडे प्लॅन १५० चा केला, राउटर गिगाबिट, ओएनटी गिगाबिट, तरी टेस्टला ९४. परत टेस्ट, ९४. कंपनीला चार फोन, ते म्हणतात आमच्याकडून पूर्ण जातंय. माणूस येऊन गेला, त्याने स्वतःचा लॅपटॉप थेट ओएनटीला लावला तर १५२. मग रात्री मीच राउटरची ती हातभर वायर काढून पारदर्शक क्लिपमधून टॉर्च मारून बघितली. आत आठ तारा पाहिजेत, चारच होत्या. नारिंगीची जोडी आणि हिरव्याची जोडी बसवलेली, निळी आणि चॉकलेटी मागे कापून टाकलेली. १०० पर्यंत चार तारांवर भागतं, त्याच्या वर आठही लागतात. कोणीतरी जुन्या काळी घाईत क्रिम्प केलेली, म्हणजे क्लिप दाबून बसवलेली वायर, ती प्रत्येक नवीन राउटरबरोबर इमानदारीने पुढे येत राहिली. शंभर-सव्वाशेची नवी कॅट ६ वायर लावली आणि विषय संपला. तेव्हा ताई, ९०-९५ वर काटा अडकला की राउटर बदलायच्या आधी वायर बघायची.

आता मिस्टरांच्या वायफाय ६ चं. वाईट काही नाही, वायफायची सहावी पिढी, २०१९ पासून आलीय, आणि घरात वीस-पंचवीस वस्तू वायफायवर असतील तर त्यांना एकमेकांची वाट बघत थांबायला कमी लागतं हा खरा फायदा. पण तो फायदा घ्यायला समोरचा मोबाइलही तसा पाहिजे. आयफोन असेल तर ११ पासून पुढे, अँड्रॉइडमध्ये बऱ्याच स्वस्त फोनांत अजूनही वायफाय ५ च येतं. तुमच्या घरात कोणाकडे काय आहे ते बघा. चार माणसं, दोन टीव्ही, एक वर्क फ्रॉम होम एवढाच कारभार असेल तर कंपनीच्या ड्युअल बँड डब्यात तो आरामात भागतो, फोर-केचा पिक्चर लावला तरी नेटफ्लिक्स स्वतःच १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. माझं मत विचाराल तर महिनाभर कंपनीच्या डब्यावर काढा, कुठल्या खोलीत रडतंय ते लिहून ठेवा आणि मग पैसे काढा. पहिल्याच दिवशी चार हजारांचा राउटर घेतलेले आणि मग कळलेलं की त्रास वायफायचा नव्हताच, असे मी ओळखीत पाच-सहा तरी बघितलेत.

आणि डोंबिवलीत एक वेगळीच गंमत असते, बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलेली. मोबाइलवर वायफायची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं दिसतील. ह्या सगळ्यांची २.४ वर मारामारी चालू असते कारण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल सगळं ५ गिगाहर्ट्झवर घ्या. ५ भिंतीतून कमी जातं पण ह्या बाबतीत ते बरंच आहे, शेजाऱ्याचंही आपल्याकडे कमी येतं. २.४ ठेवा स्मार्ट बल्ब, कॅमेरा, प्रिंटर असल्यांसाठी, त्यांना बहुतेक दुसरं काही कळतच नाही.

जुना राउटर आता. पोर्ट गिगाबिटचे असोत नसोत, आतल्या बेडरूमला रेंज येत नसेल तर तिथपर्यंत एक लॅन वायर ओढा आणि हा तिथे ॲक्सेस पॉइंट (एपी) म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय वाटायला लावा. सेटिंगमध्ये एपी मोड असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे वस्तूंना पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदलायचा (दोघांचाही १९२.१६८.१.१ असेल तर भांडणं ठरलेली) आणि वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत घ्यायचं भोक) न घालता लॅन पोर्टमध्ये घालायची. वॅनमध्ये घातली तरी नेट चालतं, पण मग राउटरच्या मागे राउटर असा प्रकार होतो, बेडरूममधला मोबाइल हॉलमधला प्रिंटर शोधत बसतो आणि मुलांचे गेम कुरकुर करतात.

एक कळकळीची विनंती, जुन्या राउटरला आत्ताच रिसेट मारू नका. मी हे रविवारी संध्याकाळी सात वाजता करून बसलोय. मागच्या त्या बारीक भोकात पिन घातली, दहा सेकंद दाबली, सगळे दिवे गेले, परत आले, मस्त वाटलं. मग लक्षात आलं की त्यात पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचं युजरनेम पासवर्ड होतं आणि ते ज्या माणसाने टाकलं होतं तो काम सोडून गावी गेलाय. सोमवारी दुपारी नेट आलं. नवीन लाइन नीट चालू होऊन आठवडा होईपर्यंत जुनी बंद करायची नाही आणि जुन्याला हातही लावायचा नाही. आठवडा अशासाठी की स्पीड सकाळी अकराला सगळ्यांकडेच छान असतो, रात्री नऊ-दहाला बघायचा.

आणि डबा घेताना माणसाला विचारून घ्या की हा फुकट आहे, डिपॉझिटवर आहे की भाड्याने, आणि सोडताना परत द्यायचा का. परत द्यायचा असेल तर त्या दिवशी सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, निदान डब्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो आणि घेऊन जाणाऱ्याचा मेसेज तरी. माझ्याकडून एका कंपनीचा मुलगा डबा काखेत मारून घेऊन गेला आणि पाच महिन्यांनी फोन, सर तुमच्याकडे आमचं डिव्हाइस बाकी आहे, पंधराशे भरा.

प्रश्न (चिपळूणजवळून): आमचं घर जुनं, जांभ्याचं, भिंती हातभर जाड. मागच्या अंगणात दोन खोल्या होमस्टेला दिल्यात. आता फायबर आलंय म्हणून जुनं बंद करून ते घेतलं पण पाहुण्यांना मागे काही मिळत नाही. दुकानदार मेश राउटरचा तीनचा सेट घ्या म्हणतोय, बारा हजार. घेऊ का?

उत्तर: दादा, मेश म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे वायफाय पुढे नेणारे डबे, ते घेतले तरी त्यांना आपसात बोलायला लागतंच ना, आणि ते बोलणार त्याच जांभ्यातून. विटांच्या सहा इंची भिंतीत मेश झकास चालतं, हातभर जांभ्यात पावसाळ्यात भिंत ओली झाली की अजून मार खातं. दुकानदाराला म्हणावं सेट घेऊन या, माझ्याकडे लावून दाखवा, चालला तर पैसे. बघा येतो का.

तुम्हाला वायरच न्यायला लागणार. आता इथे एक गोष्ट, घरातल्या घरात असती तर मी डोळे मिटून कॅट ६ सांगितली असती, शंभर मीटरपर्यंत ती आरामात जाते. पण तुमचं मधे अंगण आहे आणि मे-जूनमध्ये तुमच्याकडे विजा कशा पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको. तांब्याची वायर दोन इमारतींच्या मधून उघड्यावरून नेली की जवळपास वीज पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जातात, कधीकधी त्याच्या पलीकडचा टीव्हीसुद्धा. म्हणून मधल्या अंगणापुरतं फायबरच टाका. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा उजेड आणि लॅनची वीज ह्यांची अदलाबदल करणारा डबा) आणि मागच्या बाजूला एक साधा राउटर एपी मोडमध्ये. तुमचा लाइन टाकणारा मुलगाच हे करून देईल, त्याच्याकडे फायबर जोडायचं मशीन असतं, चहा पाजा आणि मजुरी आधी ठरवा. फक्त फायबरच्या वायरीला आधाराला जी लोखंडी तार असते ती बाहेरच कापायला सांगा, ती घरात आली तर फायबर टाकून उपयोग काय, वीज तिच्यावरून येईल. कन्व्हर्टर घेताना तेवढं गिगाबिट बघून घ्या. बारा हजारांच्या खूप आत सगळं बसेल.

पाहुण्यांना तुमच्या घरचा पासवर्ड देऊ नका, मागच्या राउटरला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. पुढच्या घरातल्या ओएनटीत गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असलं तर ते पुढे ओसरीवर बसणाऱ्यांना.

प्रश्न (कोल्हापूरहून): पूर्वी लाइट गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालू असायचा तरी नेट जायचं. आता कंपनी बदलणार आहे. लाइट गेल्यावर नेट टिकेल असा राउटर कोणता?

उत्तर: काका, असा राउटर नसतो, अशी लाइन असते. तुमचं आत्ताचं नेट गल्लीतल्या नाहीतर गच्चीवरच्या स्विचवरून वायरने येत असणार. तो स्विच विजेवर चालतो. तुमच्या घरात इन्व्हर्टर आहे पण त्या स्विचला नाही, म्हणून गल्लीची लाइट गेली की तुमचा राउटर चालू, दिवे सगळे हिरवे, आणि नेट मेलेलं. घरापर्यंत खरं फायबर जे असतं त्यात एक्स्चेंज आणि तुमचं घर ह्याच्या मधे फक्त स्प्लिटर असतो, तो एका उजेडाचे बत्तीस किंवा चौसष्ट भाग करतो आणि त्याला वीज लागतच नाही. एक्स्चेंजला बॅटरी-जनरेटर असला आणि तुमच्या घरी डबा चालू असला की नेट चालू. तेव्हा नवीन कंपनीला एकच विचारा, फायबर माझ्या घरात येणार का बिल्डिंगपर्यंतच येऊन पुढे लॅन? पुष्कळ जण फायबर फायबर करतात आणि शेवटचे वीस मीटर तांब्याने आणतात. पत्रकावर बघून कळत नाही, शेजारी त्यांचं कनेक्शन असेल तर त्यांच्या घरी जाऊन डब्याच्या मागे बघा, बारीक वायर आणि टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी क्लिप असेल तर फायबर.

इन्व्हर्टर आहेच म्हणताय तर वेगळं काही नको, पण त्यावर स्विच होताना डबा क्षणभर बंद पडून परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं खात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो तो मधे लावा. घेताना अडॅप्टरवरचं लेबल वाचा. व्होल्ट जसेच्या तसे जुळले पाहिजेत, १२ म्हणजे १२, ९ वाल्याला १२ दिला तर डबा जाईल. ॲम्पिअर यूपीएसचा जास्त असला तर चालतो, कमी नको. ओएनटी आणि राउटर दोन वेगळे डबे असतील तर दोघांनाही लागतो, हे विसरून एकालाच लावणारे खूप.

प्रश्न (नाशिकहून): कंपनी बदलली, नवीन राउटर जुन्यापेक्षा भारी, पण दुकानातून घरचा सीसीटीव्ही दिसायचा तो दिसेना. सगळं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत यायची वाट राउटरमध्ये उघडणं) जसंच्या तसं केलंय. राउटर खराब आहे का?

उत्तर: राउटर बिचारा निर्दोष आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी म्हणून जो आकडा दिसतो तो बघा. १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्हाला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळालेलाच नाही. कंपनीने बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय, सोसायटीच्या गेटचा पत्ता सगळ्यांचा एक असतो तसा, आणि वॉचमनला तुमचा फ्लॅट माहीत नाही. तुम्ही घरात कितीही दारं उघडी ठेवा, गेटवरून आत कोणी येणार नाही. दोन रस्ते आहेत. कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता मागा, महिन्याला किंवा वर्षाला वेगळे पैसे पडतात, काही जण घरगुती प्लॅनवर देतच नाहीत. नाहीतर डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कंपनीचं जे ॲप असतं त्यात क्यूआर कोड स्कॅन करून जोडा, ते स्वतःच बाहेर जाऊन संपर्क करतं त्यामुळे त्याला ह्याची अडचण येत नाही. मी दुसरा रस्ता सांगेन. पोर्ट उघडे टाकून आणि पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवून पूर्वी जे चालायचं ते तसंही बरं नव्हतं.

प्रश्न (जर्मनीत श्टुटगार्टहून): इथे मी डीएसएलवरून (टेलिफोनच्या वायरीवरचं नेट) केबलच्या कंपनीकडे जातोय. नवीन कंपनी राउटरचं दर महिन्याला भाडं मागते. माझ्याकडे स्वतःचा फ्रिट्झबॉक्स राउटर आहे. इथे भारतासारखं त्यांचाच घ्यायला लागतं का?

उत्तर: उलट, तुमच्याकडे आपल्यापेक्षा बरं आहे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की राउटर कोणता लावायचा ते गिऱ्हाईक ठरवणार, आणि लाइनसाठी लागणारी लॉगिनची माहिती कंपनीने न मागता द्यायची. त्यामुळे भाडं द्यायला नको. पण तुमच्या फ्रिट्झबॉक्सच्या मागे टेलिफोनच्या वायरीचं भोक असेल, केबलच्या टीव्हीसारख्या वायरीचं नसेल. डीएसएलचा मोडेम (लाइन घरात घेणारा भाग) केबलवर चालत नाही, डीएसएलचा आणि केबलचा दोन्ही फ्रिट्झबॉक्स एकाच बर्लिनच्या कंपनीचे असले तरी आतून वेगळे. केबलचाच घ्यायला लागेल, आणि घेताना डॉक्सिस (केबलवरून नेट आणायची पद्धत) ३.१ वाला बघा. जुना विकू नका, घरात मेशला लावता येतो. आणि उद्या फायबर घेतलंत तर फायबरच्या मोडेममागे त्याच्या वॅन पोर्टवर हाच जुना डीएसएलवाला परत चालतो, तेव्हा केबलवाला विका.

अजून एक, जुन्या कंपनीला तुम्ही स्वतः नोटीस देऊ नका, नवीन कंपनीलाच बदलायला सांगा. तसं केलं की मधे नेट एका कामाच्या दिवसापेक्षा जास्त बंद राहता कामा नये असा तिथे नियम आहे. आणि मूळ कराराची मुदत संपून गेली असेल तर डिसेंबर २०२१ पासून नोटीस एका महिन्याचीच.

प्रश्न (सांगलीहून): भाच्याने अमेरिकेतून त्याचा जुना महागडा राउटर आणलाय, केबल कंपनीचा. इथल्या फायबरला लावू का?

उत्तर: त्यात मोडेम आणि राउटर एकत्र असेल तर मोडेमचा भाग इथे शोभेला. पाठीमागे लॅनचे पोर्ट असतील आणि सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट किंवा ब्रिजसारखं काही असेल तर ओएनटीच्या मागे वायफायसाठी वापरता येईल, पण कंपनीने दिलेल्या डब्यांमध्ये त्या गोष्टी बऱ्याचदा कुलूपबंद असतात. प्लगला लावायच्या आधी मात्र अडॅप्टर वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर पिनेचा जोड लावून चालेल. नुसतंच १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० वर फट्‌.

प्रश्न (पुण्याहून, एक आजोबा): मी आणि सौ. दोघंच असतो. कंपनी बदलली की राउटर बदलणार, मग टीव्ही, दोन मोबाइल, टॅब, दाराची बेल, प्रिंटर, सगळ्यांना परत पासवर्ड घालायचा? मुलगा बंगलोरला. गेल्या वेळी दाराची बेल दीड महिना बंद होती. आणि लँडलाइनचा जुना नंबर तोच राहील का?

उत्तर: आजोबा, नंबरचं आधी सांगतो कारण ते मनासारखं नाहीये. मोबाइलचा नंबर २०११ पासून सगळ्या देशात कंपनी बदलून तसाच ठेवता येतो, लँडलाइनला ती सोय नाही. नवीन कंपनी तिचा नंबर देईल आणि तो फोन ओएनटीच्या मागच्या छोट्या फोनच्या भोकात लागेल. जुना नंबर बँकेत, गॅसला, एलआयसीत कुठे कुठे दिलाय ते आधी बदलून घ्या आणि मगच जुनं बंद करा.

पासवर्डचं मात्र सोपं आहे. नवीन राउटर बसवायला मुलगा येईल तेव्हा त्याला सांगा, वायफायचं नाव आणि पासवर्ड माझ्या जुन्याचाच टाक. अक्षर न अक्षर तेच, कॅपिटल-स्मॉल, मधली जागा, टिंब, सगळं. वस्तूंना राउटर बदललाय हे कळतच नाही, त्या नाव आणि पासवर्ड ओळखतात आणि आपल्याआपण जोडल्या जातात. तो म्हणेल डब्याखाली आमचा पासवर्ड छापलाय तोच ठेवा, त्याचं ऐकू नका, दोन मिनिटांचं काम आहे आणि ते त्याच्यासमोरच करून घ्या. आत्ता जुना चालू आहे तोवर एका कागदावर दोन्ही लिहून ठेवा, मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये शेअर दाबलं की बऱ्याच फोनांत पासवर्ड खाली दिसतो. सिक्युरिटी म्हणून डब्ल्यूपीए २ च निवडायला सांगा किंवा २ आणि ३ एकत्र, नुसतं ३ नको, जुना प्रिंटर आणि बेल त्याला जोडत नाहीत. आणि दोन नावं नकोत, २.४ आणि ५ ला एकच.

माणूस जाण्यापूर्वी त्याच्यासमोर खाली जाऊन बेल वाजवा आणि सौ.ना वरून मोबाइलवर बघायला सांगा, तुम्ही दिसताय का ते.